ऑफिस बेलापूरला चाललंय, घर नालासोपाऱ्याला आहे

पत्र असं आहे:

"ताई, मी ३९ वर्षांची, फोर्टमधल्या एका राज्य सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक, १४ वर्षं नोकरी झाली. राहते नालासोपाऱ्याला. मिस्टर मरोळला प्रायव्हेट कंपनीत, मुलगी पाचवीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी मुलीला शाळेतून आणणं त्याच बघतात. आता आमचं आख्खं ऑफिस नवी मुंबईत बेलापूरला हलवायचं ठरलंय, दिवाळीनंतर म्हणतायत. मुंबईतच बदली मागू का, घर विकून खारघरकडे जाऊ का, की सरळ नोकरीच सोडू, काही सुचत नाही. त्यात माझी डोंबिवलीची मैत्रीण, १२ वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो आम्ही, बातमी आली तशी ती पेढे घेऊन आली. तेव्हापासून तिच्याशी नीट बोलवतच नाहीये. काय करू?"

अगं, तुझं पत्र वाचलं आणि पोटात कालवलं माझ्या, कारण हे सगळं मी भोगलंय. १९९३ साली आमचं ऑफिसही असंच खाडीपलीकडे गेलं. मी २८ वर्षांची होते, बोरिवलीला राहायचे, मुलगा दोन वर्षांचा. आदल्याच वर्षी, ५ मे १९९२ ला, चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झालेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळी बसून घरी जायला मिळत होतं, भाजी निवडत, गप्पा मारत. आणि त्याच आठवड्यात ९ मेला मानखुर्दवरून वाशीला पहिली लोकल गेली. पेपरात फोटो बघून मला काय आनंद झालेला, म्हटलं चला मुंबई वाढतेय. पुढच्या वर्षी गाडी बेलापूरपर्यंत गेली आणि तिच्या मागोमाग आमची टेबलंही गेली. माझी बसायची जागा गेली, मैत्रिणी सुटल्या, आणि बोरिवली, दादर, कुर्ला, बेलापूर असे तीन टप्पे रोजचे झाले. पहिले दोन महिने मी रोज रडलेय, कुर्ल्याच्या पुलावर सुद्धा. त्यामुळे तू उगाच बाऊ करतेयस असं तुला कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता एकेक बघू. नोकरी सोडायचा विचार आजच्या आज डोक्यातून काढ. तुझी १४ वर्षं झालीत, स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची सेवा लागते, म्हणजे तू सोडलीस तर तो सरळ राजीनामा ठरतो. तू २००५ नंतर लागलेली म्हणजे एनपीएसवाली (राष्ट्रीय पेन्शन योजना, जुनी पेन्शन नाही), आणि एनपीएसमधून वेळेआधी बाहेर पडलं की साठलेल्या पैशातला मोठा हिस्सा अ‍ॅन्युइटीत, म्हणजे पुढे पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, जातो, हातात येतो तो थोडाच. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा कायमची नोकरी, पगार १ तारखेला, आजारपणाला रजा, हे कुठे मिळणार आहे तुला. प्रवासाला कंटाळून नोकरी सोडलेल्या दोन बायका माझ्या बॅचच्या आहेत, दोघीही अजून हळहळतात. इतकंच सांगते त्याबद्दल.

बदलीचं मात्र नीट समजून घे, कारण इथे लोक फसतात. २००५ चा बदल्यांचा कायदा आहे ना, तीन वर्षांचा कार्यकाळ, एप्रिल-मेमधल्या सर्वसाधारण बदल्या, तो एकेका माणसाच्या बदलीबद्दल आहे. आख्खं ऑफिस हललं तर तुझी बदली झालीच नाही, तुझं पद तेच, साहेब तेच, फक्त पत्ता बदलला. म्हणून 'माझा कार्यकाळ पूर्ण व्हायचाय' असं लिहून काही होत नाही. तुला विनंती बदलीच मागावी लागेल, आणि ती तुझ्याच विभागाचं दुसरं ऑफिस मुंबईत किंवा वसई-पालघर बाजूला असेल तर सोपी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला तेव्हापासून तिकडे बरीच जिल्हास्तरीय ऑफिसं आलीत, आणि नालासोपाऱ्याहून पालघर म्हणजे सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेने जायचं, हा विचार तू केलायस का? बऱ्याच विरार-नालासोपारावाल्यांना चर्चगेटकडेच बघायची सवय झालेली असते, पाठीमागे काय आहे ते दिसतच नाही.

पण दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या आस्थापनेवर कायमचं जायचं म्हटलं तर ज्येष्ठता बघ. विनंतीवरून संवर्ग किंवा आस्थापना बदलली की नव्या ठिकाणी तू यादीच्या तळाला जातेस, १४ वर्षांची ज्येष्ठता तिथे धरत नाहीत, पदोन्नती लांबते. ह्याच्यापेक्षा प्रतिनियुक्ती बरी, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दुसरीकडे जाणं, तिच्यात मूळ पदावरचा धारणाधिकार, परत यायचा हक्क, राहतो, मुलगी जरा मोठी होईपर्यंत तेवढं बळ पुरतं. आस्थापना शाखेत जो कोणी जुनाजाणता असेल त्याच्याजवळ बसून तुमची ज्येष्ठतायादी बघ, पुढे कितीजण आहेत, पदोन्नतीची शक्यता कधी आहे, मगच अर्ज टाक. रागाच्या भरात टाकलेला विनंती अर्ज पुढे फार महागात पडतो गं, 'स्वतःच्या विनंतीवरून' हे दोन शब्द सेवापुस्तकात बसले की बसले.

घर विकायचं तर अजिबात नाही, निदान एक वर्ष नाही. कारण सांगते. मिस्टर मरोळला आहेत. तुम्ही खारघरला गेलात तर तुझा प्रवास अर्ध्या तासावर येतो आणि त्यांचा दोन तासांवर जातो, म्हणजे घरातला त्रास कमी झाला नाही, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. शिवाय सासूबाई. गुडघे दुखतात तरी रोज शाळेपर्यंत जातात ना, कारण रस्ता ओळखीचा आहे, वाटेतला दुकानदार ओळखतो, डॉक्टर खालीच आहे. त्या बाईंना नव्या शहरात सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलंस तर त्यांचं चालणं बंद होईल आणि मग मुलीला आणणार कोण, पुन्हा तूच. आणि त्या बाजूचे भाव तर बघूच नकोस, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, उलवे-खारघरचे एजंट रोज सांगतात की आत्ताच घ्या. घाबरून घेतलेलं घर आणि घाबरून विकलेलं घर, दोन्हीत नुकसान आपलंच.

घर बदलायचंच झालं तर भाड्याने बदल, आणि ते सुद्धा तुझ्या ऑफिसजवळ नको, दोघांच्या मध्ये बघ. मला विचारशील तर घाटकोपर. तिथून मिस्टरांना मेट्रो १, वर्सोवा-घाटकोपर लाइन, मरोळ नाका त्याच लाइनवर आहे, आणि तुला एकच स्टेशन, विद्याविहार, ओलांडलं की कुर्ला, तिथून पनवेल लोकल. भाडं जास्त पडेल हे माहितीये मला. पण नालासोपाऱ्याचं घर भाड्याने देऊन वरचा फरक किती पडतो ते मांड, आणि मुलगी सहावीत जाताना जूनमध्येच हलव, मधल्या सत्रात शाळा बदलू नकोस.

आता नालासोपाऱ्यालाच राहून जायचं झालं तर रस्ते. पहिला सगळ्यांना माहीत असलेला, दादरला उतरून पूल, सेंट्रलची स्लो, कुर्ल्याला पुन्हा पूल, हार्बर. दुसरा, अंधेरीपर्यंत येऊन तिथून थेट पनवेल लोकल, पण त्या मोजक्याच आहेत, एक हुकली की गेली, तेव्हा टाइमटेबल पाठच करायचं. तिसरा बोरिवलीहून एनएमएमटीची, नवी मुंबई पालिकेची, बस, वाटेत ट्रॅफिक लागला की संपलं, पण बसायला मिळतं. आणि चौथा रस्ता फार कमी जणांच्या लक्षात येतो, वसई रोडहून भिवंडीमार्गे पनवेलला जाणारी मेमू, म्हणजे लोकलसारखीच विजेवरची गाडी. वसईहून जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी करत ती पनवेलला जाते, तिथून हार्बरने मागे बेलापूर. फेऱ्या थोड्या आहेत, रोज तुझ्या वेळेला जमेल असं सांगत नाही, पण एखादी जरी तुझ्या वेळेत बसली तरी आठवड्यातून दोन दिवस दादरचा पूल वाचेल. नालासोपाऱ्याहून वसई रोड म्हणजे एकच स्टेशन.

हे सगळं कागदावर ठरवू नकोस. एक सीएल, किरकोळ रजा, टाक आणि कामाच्या दिवशी, शक्यतो सोमवारी, खरंच जाऊन ये. सोबत छोटी वही घे आणि दार ओढून घेतल्याची वेळ लिही, स्टेशनची, प्रत्येक पुलावर किती मिनिटं गेली ते, बेलापूरला बाहेर पडून ऑफिसच्या दारात किती वाजले ते. बायोमेट्रिक पावणेदहाचं असेल. येताना सव्वासहानंतरच निघ, चारला निघून आलीस तर त्या प्रवासाला काही अर्थ नाही.

ही वही फक्त तुझ्यासाठी नाहीये. संघटनेची मीटिंग होईल तेव्हा तिथे 'आम्ही जाणार नाही' अशा घोषणा होतील, आणि मी सांगते, त्यांनी काही होत नाही. ऑफिस जातंच. आणि खरं सांगायचं तर जायलाही हवं, असं माझं मत आहे, तुला आवडणार नाही तरी लिहिते. मुंबईची सगळी सरकारी ऑफिसं दक्षिणेच्या टोकाला कोंबून ठेवली आणि माणसं राहायला गेली विरार, कर्जत, कसारा, पनवेलला, म्हणून तर रोज सकाळी आख्खं शहर एकाच दिशेने धावतं. हे १९६५ मध्येच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे अभियंता, ह्या तिघांनी मांडलं होतं, खाडीपलीकडे नवं शहर करा आणि सरकारने स्वतः आधी तिकडे जावं म्हणजे बाकीचे मागोमाग येतील. १७ मार्च १९७० ला सिडको, हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली, जमीन घेतली, शहर झालं. पण सरकार काय गेलं नाही. सचिवालय होतं तिथेच राहिलं, १९७५ मध्ये त्याचं नाव मंत्रालय झालं एवढंच, आणि वर त्याच काळात समुद्र बुजवून नरिमन पॉइंटला टॉवर उभे राहिले, म्हणजे आणखी लाखभर माणसं त्याच टोकाला ओढली. तिकडे घाऊक बाजार मस्जिद बंदरवरून वाशीला गेला, माथाडी गेले, व्यापारी गेले, सरकारी मुख्य खुर्च्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्याऐवजी हळूहळू गेली ती आपल्यासारख्यांची टेबलं.

माझा राग ह्याच्यावर आहे. टेबलं पाठवायची, आणि माणूस तिथे पोचणार कसा, मूल कोण सांभाळणार, हे ज्याचं त्याने बघावं. म्हणून मीटिंगमध्ये विरोध करत बसू नका, मागण्या करा आणि त्या आकड्यांनी करा. सगळ्यांनी आपापली वही भरायची, घर ते ऑफिस जुना वेळ, नवा वेळ, एका कागदावर. त्यात दिसेल की काहींचा वेळ वाचतोय आणि काहींचा दीड तास वाढतोय, आणि ज्यांचा वाढतोय ते बहुतेक पश्चिमेचे आहेत. मग त्या यादीवर बोट ठेवून मागा, की ह्या इतक्या जणांना आमच्याच विभागाच्या मुंबईतल्या रिक्त पदांवर आधी संधी द्या, ज्यांचा प्रवास तिन्ही टप्प्यांचा आहे त्यांना अर्धा तास उशिरा येऊन अर्धा तास उशिरा जायची मुभा द्या, पाळणाघराची खोली नव्या इमारतीच्या नकाशातच दाखवा. घरभाडे भत्ता नव्या पत्त्यावर कोणत्या शहरवर्गात धरणार ते लेखी विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका.

आणि एक मागणी माझ्यातर्फे घाल. जुन्या जागेत, नाहीतर जवळपासच्या कुठल्याही सरकारी इमारतीत, टपाल घ्यायची एक खिडकी राहू द्या. कारण तुम्हाला तरी पगार मिळतो त्या प्रवासाचा. डहाणू-जव्हारहून एक शिक्का मारून घ्यायला येणाऱ्या माणसाचा दिवस जातो, मजुरी जाते, आणि त्याला ऑफिस हललंय हे फोर्टच्या बंद दारापाशी आल्यावर कळतं. आमच्या वेळेला हेच झालं. दाराला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, पहिल्या पावसात शाई उतरली, आणि मग नुसताच कागद.

आमचं सामान जुलैत हललं, हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो. ट्रकवर ताडपत्री, खाली लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, वर टेबलं उलटी टाकलेली. बेलापूरला उतरवताना दोन गठ्ठे भिजले, एक गठ्ठा भलत्याच शाखेत गेला. त्यात एका बाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल होती. नवरा शिपाई होता, गेला. त्या बाई रत्नागिरीकडून तीन वेळा आल्या, आधी फोर्टला, मग विचारत विचारत बेलापूरला, पदराला बांधलेली पावती सोडून माझ्या टेबलावर ठेवायच्या, आवक नंबर ठळक दिसत होता, आणि फाइल नव्हती. सात महिन्यांनी सापडली. सात महिने त्या माणसांनी काय खाल्लं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या फाइलीची जबाबदारी माझ्या टेबलावर होती. हलायच्या आधी मी यादी केली असती तर कुठल्या गठ्ठ्यात ती आहे हे एका तासात कळलं असतं.

म्हणून तू आत्तापासून, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं काढून, तुझ्या टेबलावरच्या चालू फायलींची यादी कर. फाइल नंबर, विषय, कुणाचं काम अडलंय, कुठल्या गठ्ठ्यात बांधली. दोन प्रती, एक गठ्ठ्यावर, एक तुझ्या पर्समध्ये. ज्या केसेस माणसाच्या पोटाशी निगडित आहेत, पेन्शन, अनुकंपा, वैद्यकीय बिलं, त्या शक्यतो हलायच्या आधी संपव, साहेबांच्या मागे लागून संपव. आणि तुझं स्वतःचं दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची तुझ्याकडे राहणारी प्रत, आस्थापनेतून नोंदी अद्ययावत करून घेऊन घरी ठेव. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी फायली जळाल्या, तेव्हापासून मी प्रत्येकीला हे सांगत आलेय, ऐकणाऱ्या थोड्याच.

रजेचंही आत्ताच बघून ठेव. महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बाल संगोपन रजा आहे, २०१८ च्या शासन निर्णयाने आलेली, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. तू ती बहुतेक कधी घेतलीच नसशील, आपल्याकडे मूल आजारी पडलं की आधी सीएल संपवायची सवय. हलल्यानंतरचे पहिले काही आठवडे, सासूबाईंची आणि मुलीची नवी घडी बसेपर्यंत, त्यातली थोडी घे. सगळी एकदम संपवू नकोस, दहावीला लागेल.

आता मैत्रीण. पेढे आणायला नको होते तिने, तेवढं बरोबर आहे तुझं. पण तू जरा तिच्या बाजूने मोज. डोंबिवलीहून सीएसएमटी, १२ वर्षं, सकाळची फास्ट, दारात लटकून. तुझ्या शेजारी बसून किती वेळा म्हणाली असेल की आज ठाण्यापर्यंत श्वास घेता आला नाही. आता तिला ठाण्याला उतरून पनवेल लोकल, तीही रिकामी नसते म्हणा, ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांनी भरलेली असते, पण तिचा येऊन-जाऊन तासभर तरी वाचेल. तिच्या घरी कुणी म्हातारं असेल, कुणी मूल दारात वाट बघत असेल. तिचा तासभर कोणी तुझ्याकडून काढून तिला दिलेला नाही. हे तुला माहितीये, म्हणूनच तर तुला बोलवत नाहीये, राग असता तर भांडली असतीस.

तिच्याशी बोल. तिला सरळ सांग की पेढे बघून मला लागलं. आणि मग तिलाच म्हण की वहीची यादी तू कर, कारण ज्याचा फायदा होतोय त्याने पश्चिमवाल्यांची मागणी मांडली तर साहेब जास्त ऐकतात. माझ्या वेळेला कल्याणच्या एका बाईने हे केलं होतं. तिला स्वतःला काही नको होतं, तरी आम्हा चौघींसाठी ती साहेबांच्या केबिनबाहेर दोन तास उभी राहिली, आणि आम्हाला सकाळची अर्ध्या तासाची मुभा मिळाली. तेवढ्या अर्ध्या तासाने माझा मुलगा मला सकाळी जागा दिसायला लागला.

आधी ती सोमवारची फेरी करून ये. वहीतल्या वेळा मला लिहून पाठव, दादरच्या आणि मेमूच्या दोन्ही, आणि ज्येष्ठतायादीत तुझ्या पुढे किती नावं आहेत ते. विनंती अर्ज टाकायचा की नाही ते त्याच्यावरून बघू, तोवर कशावरही सही करू नकोस.